होस्टेलमध्ये सीनियर मुलींना मेंटर नेमलं, पण गणपतीनंतर सगळं थंडावलं. काय चुकलं?

प्रश्न थोडक्यात असा: "सोलापुरात मुलींच्या होस्टेलची रेक्टर आहे. एकूण 180 मुली, दर वर्षी साधारण 60 नव्या येतात. गेल्या जूनमध्ये पाच सीनियर मुलींना मेंटर नेमलं. पहिले पंधरा दिवस छान चाललं, गणपतीनंतर कुणी कुणाला विचारेना. दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन नव्या मुली परतल्याच नाहीत. एक मेंटर ज्युनियरकडून जर्नल लिहून घेते असंही कानावर आलंय. योजना बंद करावी का?"

मॅडम, बंद करू नका. मुलींचा उत्साह टिकला नाही असं तुम्हाला वाटतंय, पण तुम्ही दिलेल्या तपशिलावरून मला दुखणं वेगळं दिसतं. साठ मुलींना पाच जणी, म्हणजे एकीच्या वाट्याला बारा. काम नेमकं काय, ते ठरलेलं नाही. आणि जूननंतर त्या पाच जणींजवळ कुणी मोठं माणूस बसलेलं नाही. अशा वेळी मन लावून काम करणारी मुलगी थकून गप्प होते, आणि एखादी मिळालेल्या नावाचा अधिकार गाजवायला लागते. तुमच्याकडे दोन्ही झालंय.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती विचारते. त्या पाच जणींना रात्रीची हजेरी, गेटची वही किंवा खोल्यांची तपासणी यातलं काही दिलं होतं का? बहुतेक होस्टेलांत हे होतंच, कारण रेक्टर एकटी असते आणि हाताशी हुशार मुली असतात. पण जिच्या हातात हजेरीचं रजिस्टर आहे, तिला कुणी "मला रात्रभर झोप लागत नाही" असं सांगत नाही. शिस्त आणि सोबत ही दोन कामं एका मुलीकडे द्यायची नाहीत, यावर मी अजिबात तडजोड करत नाही. हजेरीसाठी मजल्यावर वेगळी प्रतिनिधी नेमा. मेंटरला कुणाची तक्रार करायचा अधिकार नको आणि कुणाला सूट द्यायचाही नको.

आता संख्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2009 च्या रॅगिंगविरोधी नियमावलीतच मेंटरिंग सेल सांगितलेला आहे: स्वखुशीने पुढे आलेले विद्यार्थी, सहा नव्यांमागे एक मेंटर, आणि अशा सहा मेंटरमागे वरच्या वर्गातला एक मेंटर. हा सेल वर्ष संपताना, पुढच्या वर्षासाठी बनवायचा असतो, ऐन जूनमध्ये नाही. सहा हा आकडा व्यवहारातही बरोबर बसतो. होस्टेलच्या खोलीत सहा जणी गोल करून बसल्या की सगळ्या बोलतात. बारा बसल्या की चौघी बोलतात आणि उरलेल्या मोबाईल बघतात. प्रत्येकीला पंधरा दिवसांतून एकदा एकटीला पंधरा मिनिटं भेटायचं म्हटलं तर सहा जणींचा दीड तास होतो. अभ्यास सांभाळून तेवढं जमतं. बारा जणींचे तीन तास होतात, ते कुणाला जमत नाहीत. तुम्हाला दहा मेंटर लागतील. मी दोन जादा धरायला सांगेन, कारण दिवाळीपर्यंत एखादीचं प्रोजेक्ट अंगावर येतं, एखादीचे विषय राहतात, एखादीचं लग्न ठरतं. या बारा जणींवर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोघी.

निवडीची सोपी रीत सांगते. मार्चमध्ये यंदाच्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलींना एकेक कोरी चिठ्ठी द्या. स्वतःचं नाव लिहायचं नाही. एकच प्रश्न: "या वर्षी अडचण आली तेव्हा तू होस्टेलमधल्या कुणाकडे गेलीस? दोन नावं लिही." साठ चिठ्ठ्यांत सात-आठ नावं पुन्हा पुन्हा येतात, आणि ती बहुधा टॉपरची किंवा स्टेजवर बोलणाऱ्या मुलींची नसतात. त्यांना बोलावून विचारा, शिवाय ज्यांना स्वतःहून यायचंय त्यांचे अर्ज घ्या. प्रत्येकीशी पंधरा मिनिटं बोला. मी एवढंच बघते की समोरचीचं वाक्य पूर्ण होऊ देते का, आणि "मला माहीत नाही, विचारून सांगते" असं म्हणायला लाजते का. पहिल्याच मिनिटाला उपाय सांगायला लागणारी मुलगी या कामाला चालत नाही, कितीही चांगली असली तरी. ती कार्यक्रमांसाठी फार उपयोगी पडते, तिकडे घ्या.

गट पाडताना गावावरून, आडनावावरून पाडू नका. मुली आपापल्या तालुक्याच्या मेंटरकडे ओढल्या जातात. महिन्याभरात बार्शीचा गट, सांगोल्याचा गट असं होतं आणि जातीचे कप्पेही त्याच वाटेनं येतात. एका मजल्यावरच्या शेजारच्या खोल्या धरून गट करा. एकाच शाखेची मेंटर मिळाली तर अभ्यासाला बरं, पण शाखा आणि मजला यांत निवडायची वेळ आली तर मी मजला घेते, कारण रात्री साडेदहाला दार वाजवता येईल ती मेंटर खरी. याला अपवाद एकच, भाषेचा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, शिवाय इंडी-विजयपूरकडून येणाऱ्या बऱ्याच मुली घरी कन्नड बोलतात. मराठी त्यांना येतं, पण मनातलं बोलायची वेळ आली की शब्द सापडत नाहीत. बारांमध्ये निदान दोघी कन्नड येणाऱ्या असू द्या आणि त्या कोण, हे सगळ्यांना माहीत असू द्या. त्यांना ताई म्हणतात की अक्का, ते मुली आपलं आपण ठरवतील. बिल्ला लावू नका.

प्रशिक्षणाला तीन-तीन तासांच्या दोन दुपारी पुरतात, पण व्याख्यान ठेवू नका. दोघी-दोघींनी समोरासमोर बसून प्रसंग करायचे. एक प्रसंग हमखास घ्या: नवी मुलगी म्हणते, "मला घरी जायचंय." बारांतल्या दहा जणी उत्तर देतात, "अगं, सगळ्यांनाच होतं, आठवड्यात विसरशील." हे मायेनंच म्हटलेलं असतं, पण बोलणं तिथेच संपतं. पुढच्या वेळी ती मुलगी सांगत नाही, बॅग भरते. त्याऐवजी विचारायचं, "कधी जास्त वाटतं? संध्याकाळी, की सकाळी उठल्यावर?" ती म्हणते, "वर्गात." मग कळतं की हे घर आठवणं नाहीच. दहावीपर्यंत मराठी माध्यम, इथे फार्मसीचा तास इंग्रजीत, तिला सकाळपासून एक अक्षर समजलेलं नाही. याला उपाय आहे: विषयातले पन्नासेक शब्द मराठी अर्थासह वहीत लिहून देणारी सीनियर, आणि रोज रात्री अर्धा तास शेजारी बसून वाचणं. पहिल्या उत्तरानं हे कधीच बाहेर आलं नसतं. हा प्रसंग प्रत्येकीकडून दोनदा करून घ्या.

दुसरं, गुपिताचं वाक्य पाठ करून घ्या. "कुणाला सांगू नको हं" असं कुणी म्हटलं की मेंटर पटकन वचन देऊन बसते. मग ती गोष्ट एकटीनं पोटात घेऊन फिरते आणि तिचीच झोप जाते. वाक्य असं: "तुझं बोलणं मी कुठे पसरवणार नाही. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी एकाच व्यक्तीला सांगेन, आणि तुला सांगूनच सांगेन." हे बोलणं सुरू होण्याआधी सांगायचं. सगळं ऐकून झाल्यावर सांगितलं तर तो विश्वासघात वाटतो. पहिल्या वर्षाच्या काही मुली अजून अठराच्या नसतात, हेही ध्यानात ठेवा. अशा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ते होस्टेलमध्ये मिटवता येत नाही. मेंटरचं काम फक्त तत्काळ तुमच्यापर्यंत येण्याचं.

तिसरं, जीव देण्याच्या बोलण्याचं. मुलींना भीती वाटते की विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं भरवलं जाईल. तसं होत नाही. स्पष्ट विचारल्यानं समोरचीला हलकं वाटतं. "मरून जावं असं मनात येतं का?" एवढ्या सरळ शब्दांत विचारायला शिकवा. उत्तर हो आलं तर तिला एकटीला सोडायचं नाही, दुसरीला पाठवून रेक्टरला उठवायचं, वेळ कितीही झाली असो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. काही करून बसली असेल तर 108 ला फोन आणि थेट सिव्हिल. हे दोन नंबर, तुमचा मोबाईल आणि रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522, एवढे चार प्रत्येक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. बाहेर पॅसेजमध्ये लावलेला नंबर कुणी सगळ्यांदेखत उतरवून घेत नाही.

आता वर्षाची चाल. सीईटीच्या फेऱ्यांमुळे मुली एकदम येत नाहीत. बीए-बीएस्सीच्या आधी येतात, फार्मसी-इंजिनिअरिंगच्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत येत राहतात. एकच स्वागत समारंभ ठेवला की उशिरा येणाऱ्या कोरड्या राहतात, आणि मधेच निघून जाणाऱ्यांत त्या जास्त असतात. म्हणून समारंभाची वाट न बघता, खोली दिली त्याच दिवशी मेंटर द्या. पहिल्या दिवशी तिनं फक्त फिरून दाखवायचं: पिण्याचं पाणी कुठे, वापरायचं पाणी किती वाजता सुटतं, मेसची वेळ, झेरॉक्स, बसथांबा. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, हे बाहेरून आलेल्या मुलीला ठाऊक नसतं. पहाटेच्या बाथरूमच्या रांगेतच तिचं पहिलं भांडण होतं आणि तेच मनात बसतं. त्याच रात्री साडेनऊला दहा मिनिटं खोलीत डोकवायचं. मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी. त्यानंतर दिवाळीपर्यंत दर आठवड्याला गटाची पाऊण तासाची बैठक, दिवाळीनंतर पंधरवड्याला.

बैठक शनिवार-रविवारी ठेवू नका. आपलं सोलापूर विद्यापीठ 2004 साली एका जिल्ह्यापुरतंच सुरू झालं. मुली माढा, मोहोळ, मंगळवेढा अशा जवळच्या गावांच्या, एसटीला अर्धं तिकीट, त्यामुळे शनिवारी दुपारी होस्टेल निम्मं रिकामं असतं. बुधवारी जेवणानंतर साडेआठ ते सव्वानऊ ही वेळ बरी. आणि सोमवारी रात्री मेंटरनं एकच बघायचं, आपल्या सहांपैकी कोण परतली नाही. सोमवारचं मंगळवारवर गेलं तर ठीक. बुधवारीही नसेल तर फोन तुम्ही करायचा, मेंटरनं नाही.

बैठकीत दर वेळी एखादा कामाचा विषय हवा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात "काय चाललंय" यापुढे गाडी जात नाही. त्यातला महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जाचा विषय मी सगळ्यात वर ठेवते, कारण पैसे अडकले की शिक्षण अडकतं. अर्ज भरला की काम झालं असं मुली समजतात. बँक खातं आधारशी नुसतं जोडलेलं असतं, पण सरकारी पैसे थेट त्याच खात्यात यावेत अशी नोंद (सीडिंग) केलेली नसते, म्हणून रक्कम येत नाही. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्यासाठी होस्टेलचा दाखला लागतो, तो जोडलेला नसतो. कॉलेजकडून अर्ज त्रुटीसाठी परत येतो आणि मुलगी लॉगिन करून बघतच नाही, मुदत जाते. बैठकीत दर पंधरा दिवसांनी सहाही जणींनी आपापल्या मोबाईलवर अर्जाची स्थिती उघडून बघायची. मेंटरनं कुणाचा पासवर्ड किंवा ओटीपी घ्यायचा नाही, मदत म्हणूनही नाही. बाकीचे विषय, म्हणजे इंटर्नलचे गुण, एटीकेटीचे नियम, मेसच्या बिलाचा हिशेब, पाळीच्या दिवसांतला त्रास, हे मुली आपोआप काढतात.

आता जी एक गोष्ट नव्हती म्हणून तुमची योजना थंडावली असं मला वाटतं, ती. मेंटरशी तुमची दर आठवड्याची बैठक. गुरुवारी पाऊण तास, चहा-पोहे, बारा जणी आणि तुम्ही. तुम्ही रजेवर असाल तर बदली शिक्षिका, पण बैठक चुकवायची नाही. तीन प्रश्न पुरे: या आठवड्यात कुणाची भेट झाली नाही? कुणात बदल दिसतोय? तुमचं स्वतःचं कुठे अडलंय? गटात नावं घ्यायची नाहीत, नाव सांगायचं ते नंतर एकटीनं थांबून. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच घाईत राहून जातो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीनं दुसरीचं दुःख ऐकायचं, तर तिचं ऐकणारं कुणी लागतंच. ते नसेल तर ती महिन्याभरात टाळायला लागते. गणपतीनंतर तुम्हाला दिसलं ते हेच असावं.

बदल म्हणजे काय बघायचं, याचं एक उदाहरण. मुलगी दोन-तीन दिवस मेसला दिसत नाही. विचारलं तर "मेसचं आवडत नाही" म्हणते. खोलीत गावाकडच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते. कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. पण बऱ्याचदा मामला आवडीचा नसतो. मेसचं बिल थकलेलं असतं आणि काउंटरवर सगळ्यांसमोर नाव घेतील या धास्तीनं ती जात नाही. मेंटरनं फक्त एवढंच कळवायचं की अमुक मुलगी मेस चुकवतेय. बिलाचे हप्ते पाडून देणं, थकबाकीदारांची यादी मेसच्या दारावरून काढायला लावणं, ही कामं तुमची. इथे कळवलेल्या गोष्टीवर आठवड्यात काही हललं नाही तर मेंटर दुसऱ्यांदा कळवत नाही, आणि मुली मेंटरला सांगणं बंद करतात. म्हणून मी पाण्याच्या, पंख्याच्या, बल्बच्या तक्रारींचाही कागद गुरुवारी घेते आणि पुढच्या गुरुवारी त्यावर लेखी उत्तर नोटीस बोर्डावर लावते, "होणार नाही, कारण असं" हे उत्तर असलं तरी.

पालकांची एक अडचण होस्टेलमध्ये फार होते. वडील-भाऊ मेंटरचा नंबर घेतात आणि रोज रात्री फोन, "आमची पोरगी खोलीत आहे का, कुणाशी बोलत होती?" चार दिवसांत मुलीला कळतं आणि मेंटर तिच्या लेखी घरच्यांची हेर होते. प्रवेशाच्या दिवशीच पालकांना स्पष्ट सांगा की चौकशी रेक्टरकडे, मेंटरचा नंबर मिळणार नाही.

वही ठेवायची, पण तारीख, हजर कोण, विषय, आणि कुणाला कुठे पाठवलं एवढंच. आजार, घरचे वाद, मैत्री यातलं काही लिहायचं नाही. वही कधी कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुप निरोपापुरता ठेवा. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी पहिल्या वर्षात निनावी पाहणी घ्यायची असते, तीही त्याच 2009 च्या नियमावलीत आहे. त्यात दोन प्रश्न आपले घाला: तुझ्या मेंटरचं नाव काय, आणि गेल्या पंधरा दिवसांत ती तुला भेटली का. नावच आठवत नसेल तर तो गट बंद पडलाय असं समजा.

मेंटरना काय द्यायचं, हे कॉलेजवर अवलंबून आहे. काही ठिकाणी कमवा व शिकामधून मानधन बसवता येतं. मला वाटतं, खोली निवडायचा पहिला मान आणि नेमकं काय काम केलं ते लिहिलेलं पत्र पुरतं. "उत्कृष्ट मेंटर" असलं बक्षीस देऊ नका, त्यानं मुली आपल्या गटातल्या अडचणी लपवायला लागतात. मुलांच्या होस्टेलमध्ये हेच सगळं लागू पडतं, फरक एवढाच की मुलं समोर बसून बोलत नाहीत. तिथे बैठकीपेक्षा रात्रीचा फेरफटका किंवा क्रिकेटनंतरची दहा मिनिटं जास्त कामाची.

राहिला जर्नलचा विषय. सीनियरनं आपलं अभ्यासाचं काम ज्युनियरकडून करून घेणं नियमावलीत रॅगिंगच्या व्याख्येत येतं, त्यामुळे "समज देऊन सोडलं" हे चालणार नाही. कानावर आलेलं आधी पडताळा. त्या गटातल्या ज्युनियरना एकेकटीला, ऑफिसबाहेर, त्या मुलीच्या नजरेआड विचारा, आणि तथ्य दिसलं तर प्रकरण कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे द्या. तोवर तिच्याकडचा गट काढून घ्या आणि त्या ज्युनियरना दुसरी मेंटर द्या. उरलेल्या चौघींना मात्र दोषी धरू नका. त्यांना एकत्र बोलावून विचारा, नेमकं कुठे जड गेलं. त्यांच्याच उत्तरांतून पुढच्या वर्षाच्या प्रशिक्षणाचे प्रसंग मिळतील, आणि वरच्या फळीतल्या दोन मेंटर बहुधा त्यांच्यातूनच निघतील. हे बोलणं याच महिन्यात करा. एप्रिलमध्ये त्या परीक्षेच्या मागे असतील, आणि मेच्या उन्हात तुमचं होस्टेल रिकामं झालेलं असेल.